एक मिनिट श्वास मोजा
(परिचारिका, आरोग्यसेवक आणि आशाताईंसाठी अभ्यासपाठ)



या तिमाहीच्या अभ्यासपाठासाठी मी रुग्णालयातला सर्वांत साधा विषय घेतला आहे. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, औषध लागत नाही. लागतात ते दोन डोळे, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि पूर्ण एक मिनिट. विषय आहे रुग्णाचा श्वास मोजण्याचा. आमच्या मेळघाटातल्या छोट्या रुग्णालयात गेल्या काही वर्षांत आम्ही परिचारिका ज्या गोष्टी नव्याने शिकलो, त्यांत या एका गोष्टीने सर्वांत जास्त जीव वाचवले असे मला वाटते. इतर केंद्रांतल्या भगिनींना व बंधूंना ती उपयोगी पडावी म्हणून हा पाठ लिहीत आहे.

हा विषय का निवडला

नाडी, ताप, रक्तदाब आणि श्वास या चार नोंदी प्रत्येक केसपेपरवर असतात. पहिल्या तिन्हींसाठी हात लावावा लागतो किंवा उपकरण लावावे लागते, म्हणून त्या बहुधा खऱ्या असतात. श्वासाचा रकाना मात्र पुष्कळदा अंदाजाने भरला जातो. कोणत्याही वॉर्डातले दहा तक्ते काढून पाहा. पाचसहा ठिकाणी तरी २० हाच आकडा दिसेल. म्हाताऱ्या माणसाला २०, बाळंतिणीला २०, तान्ह्या बाळालाही २०.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्याकडे तीन आठवड्यांचे बाळ दुसऱ्या एका ठिकाणाहून आले. सोबतच्या चिठ्ठीवर श्वास २० लिहिला होता. ज्याने नवजात बाळे पाहिली आहेत त्याला हे वाचताच कळेल की तीन आठवड्यांचे निरोगी बाळ मिनिटाला २० श्वास घेत नाही. ते चाळीसच्या आसपास घेते. आमच्या सिस्टरने मोजले तेव्हा ७८ भरले. बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाळ कण्हत होते. त्याची आई म्हणाली, आदल्या दिवशी सकाळपासून पोट असेच उडत होते. म्हणजे एक दिवस आणि एक रात्र तो आकडा बाळाच्या अंगावर उघडा दिसत होता आणि कागदावर मात्र २० होते. बाळ पहाटे गेले.

मी त्या चिठ्ठीला नाव ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. ती लिहिणारी व्यक्ती थकलेली असेल, ओपीडीत रांग असेल, एकटीच ड्युटीवर असेल. ते सगळे आपल्याही वाट्याला रोज येते. म्हणूनच पुढच्या बुधवारी आम्ही हा पाठ पहिल्यांदा घेतला, आणि तेव्हापासून दर सहा महिन्यांनी पुन्हा घेतो.

कसे मोजावे

श्वास मोजणे सोपे वाटते, पण दोन परिचारिकांनी एकाच बाळाचे श्वास वेगवेगळे मोजले की आकड्यांत दहादहाचा फरक येतो. म्हणून आम्ही ही पद्धत ठरवली आहे.

१. बाळ शांत असताना मोजावे. रडणाऱ्या, दूध पिणाऱ्या किंवा नुकत्याच ढवळलेल्या बाळाचा श्वास खोटा येतो. झोपलेले बाळ सर्वांत उत्तम. म्हणून हा श्वास तपासणीत सर्वांत आधी मोजावा. थर्मामीटर, सुई, वजनकाटा नंतर.

२. बाळाला आईच्या मांडीवरच राहू द्यावे. आईला सांगून कपडा वर करावा. लहान बाळाचा श्वास छातीपेक्षा पोटावर चांगला दिसतो.

३. पूर्ण साठ सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो. ते काही वेळ भराभर घेते, मग क्षणभर थांबते. पंधरा सेकंदांत एका श्वासाची चूक झाली तर गुणाकारानंतर ती चार श्वासांची होते.

४. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावा. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त आला तर तो खरा धरावा.

५. मोठ्या माणसाला “तुमचा श्वास मोजते” असे सांगू नये. सांगितले की त्याचा श्वास बदलतो. नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून ठेवावे आणि नजर छातीवर ठेवावी.

६. आकड्याबरोबर वेळ लिहावी. वेळ नसलेला आकडा पुढच्या पाळीच्या सिस्टरला काही सांगत नाही.

लक्षात ठेवायचे आकडे

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या मर्यादा आम्ही पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक वॉर्डात टांगल्या आहेत. जलद श्वास म्हणजे:

दोन महिन्यांच्या आत: मिनिटाला ६० किंवा जास्त
दोन ते बारा महिने: ५० किंवा जास्त
एक ते पाच वर्षे: ४० किंवा जास्त

दोन महिन्यांच्या आतील बाळाला जलद श्वास असेल तर गंभीर संसर्ग असू शकतो असे धरूनच चालायचे आणि त्याला रुग्णालयातच ठेवायचे. त्याशिवाय छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, दूध न ओढणे, अंग गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर आकडा कितीही असो, थांबायचे नाही.

प्रौढ माणसाचा श्वास साधारणपणे १२ ते २० असतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली रुग्णाची प्रकृती ढासळत आहे हे लवकर ओळखण्यासाठी गुणांचा एक तक्ता केला आणि २०१७ साली तो सुधारला. त्यात मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास, तसेच ८ किंवा कमी श्वास, यांना सर्वाधिक म्हणजे ३ गुण दिले आहेत. बाकी सगळे ठीक असले तरी या एका आकड्यासाठी रुग्णाला तातडीने पाहावे असे तो तक्ता सांगतो. हा तक्ता मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आता सर्वत्र मिळते. ते जरूर वापरावे, पण ते श्वास मोजण्याची जागा घेत नाही. अंगात रक्त फार कमी असलेल्या बाईच्या बोटावर ते ९८ दाखवू शकते, कारण जे थोडे रक्त आहे ते प्राणवायूने भरलेले असते. तिची धाप मात्र खरी असते. आपल्या भागात रक्तक्षय घरोघरी आहे. म्हणून ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आणि श्वास ३०, असे दिसले तर समाधान न मानता डोळ्यांची पापणी ओढून पाहावी, तळहात पाहावा आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगावे.

श्वास कुठे कुठे बोलतो

पहिली जागा बाळंतिणीची खाट. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट हे औषध दिले जाते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय अभ्यासात ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांचा समावेश होता, आणि या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. औषध स्वस्त आहे व उत्तम आहे. पण ते अंगात जास्त झाले तर श्वास मंदावतो. म्हणून पुढचा प्रत्येक डोस देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायच्या: श्वास मिनिटाला निदान १६ आहे का, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, आणि मागच्या चार तासांत लघवी तासाला निदान ३० मिलिलिटरप्रमाणे झाली का. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर डोस द्यायचा नाही. श्वास मंदावल्यास उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचे १० मिलिलिटर, शिरेतून हळूहळू द्यावे लागते. ते औषध खाटेजवळच्या ट्रेमध्ये काढून ठेवलेले असले पाहिजे, कपाटात कुलूपबंद नव्हे.

आमच्याकडे एका रात्री नव्याने लागलेल्या एएनएम मुलीने डोसची वेळ झाल्यावर आधी श्वास मोजला. १२ आला. तिने पुन्हा मोजला, पुन्हा १२. गुडघा उडाला नाही. लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी होती. तिने इंजेक्शन भरलेच नाही, डॉक्टरांना उठवले. ती बाई आठव्या दिवशी बाळ घेऊन चालत घरी गेली. औषध देणे हे जसे परिचारिकेचे काम, तसे योग्य वेळी ते न देणे हेही तिचेच काम आहे.

दुसरी जागा सर्पदंशाची. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याच्या जागी सूज किंवा वेदना जवळजवळ नसते. माणूस पहाटे पोटात दुखते, घसा दुखतो म्हणून येतो. मग पापण्या जड होतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अशा रुग्णाचा श्वास मोजाच, पण त्याला एक मोठा श्वास घेऊन त्या एकाच श्वासात मोठ्याने अंक मोजायलाही सांगा. पहिल्या वेळी तो पंचवीसपर्यंत गेला आणि अर्ध्या तासाने बारापर्यंतच पोचला, तर श्वासाची पिशवी हाताशी घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. अंक त्याने त्याच्या भाषेत मोजावेत. आमच्या वॉर्डात बहुतेक जण कोरकूत मोजतात, म्हणून आम्ही सगळ्यांनी कोरकू अंक पाठ केले आहेत. आमच्या पाठाच्या नोंदवहीचे पहिले पान तेच आहे.

तिसरी जागा सिकलसेलची. विदर्भातल्या अनेक समाजांत हा आजार आहे आणि त्याच्या वेदनेसाठी तरुण मुले वारंवार दाखल होतात. दोनतीन दिवस अंगदुखी, मग ताप, मग छातीत दुखणे आणि श्वास वाढणे, असा क्रम दिसला तर छातीत गंभीर गुंतागुंत सुरू झाली असण्याची शक्यता असते. “नेहमीचा पेशंट आहे, नेहमीचे दुखणे आहे” असे म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष होते, त्याचा श्वास दर चार तासांनी मोजावा.

आकड्याला आवाज द्यावा लागतो

आकडा मोजला, लिहिला आणि कुणाला सांगितला नाही, तर तो मोजला नाही असेच म्हणावे लागेल. लहान रुग्णालयात अडचण येते ती इथे. रात्री दोनला वीस वर्षांच्या मुलीने ज्येष्ठ डॉक्टरांना उठवायचे, तर तिला धीर होत नाही. “सर रागावतील” या भीतीने तासभर जातो.

यावर आम्ही दोन उपाय केले. पहिला, डॉक्टरांशी बसून ठरवले की पुठ्ठ्यावरच्या मर्यादेबाहेरचा आकडा दोनदा आला की सिस्टरने विचार न करता फोन करायचा, आणि त्या फोनवर कुणी रागवायचे नाही. सकाळी रुग्ण ठणठणीत निघाला तरी नाही. दुसरा, काय बोलायचे त्याचा क्रम ठरवला: कोण, काय झाले, आधीचे काय, मला काय वाटते, काय हवे. उदाहरणार्थ: “सर, बालवॉर्डातून बोलते. पाच आठवड्यांचे बाळ, श्वास ६८, पुन्हा मोजला तर ६६, छाती आत ओढली जाते. वजन दोन किलो सातशे, काल संध्याकाळपासून दूध कमी. मला न्यूमोनिया वाटतो. तुम्ही आत्ता यावे.” अर्ध्या मिनिटात सगळे सांगून होते. यातला चौथा भाग, म्हणजे “मला काय वाटते”, आमच्या मुलींना सर्वांत अवघड गेला. आपले मत सांगण्याची सवय कुणी लावलेलीच नसते. ते पाच आठवड्यांचे बाळ आता अंगणवाडीत जाते.

बुधवारचा पाठ

परिचारिकेचे शिक्षण नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाल्यावर संपत नाही. आपल्या देशात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. आता २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा झाला आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सतत शिक्षणाच्या तासांची अपेक्षा आहे, आणि ती योग्यच आहे. पण आमच्यासारख्या ठिकाणी प्रश्न असा की अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये घाट, आणि एक सिस्टर प्रशिक्षणाला गेली की तिची रात्रपाळी दुसरीला करावी लागते. म्हणून बाहेरचे प्रशिक्षण मोजक्यांनाच मिळते.

त्यावर आम्ही बुधवारचा पाठ सुरू केला. दुपारी दोनला पाळी बदलते, तेव्हा सकाळच्या व दुपारच्या दोन्ही पाळ्या हजर असतात. त्या वेळी पंचवीस मिनिटे. एकच विषय. जी बाहेर शिकून आली तिने परत आल्यावर पहिल्या बुधवारी शिकवायचेच. पहिली पाच मिनिटे विषय, पुढची पंधरा मिनिटे खाटेजवळ प्रत्यक्ष काम, शेवटची पाच मिनिटे प्रश्न. श्वासाच्या पाठात दोघीदोघी एकाच बाळाचे श्वास एकाच वेळी मोजतात, चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठ्या एकदम उघडतात. फरक तीनपेक्षा जास्त आला तर पुन्हा. पहिल्या दिवशी हशा पिकतो, तिसऱ्या दिवशी फरक मिटतो.

या पाठाला सफाई करणाऱ्या मावशी आणि वॉर्डबॉयही बसतात. रात्री नातेवाईक सर्वांत आधी त्यांनाच हाक मारतात. शिकलेल्या मुली आमच्याकडे दोनतीन वर्षे राहतात, मग शहरात किंवा परदेशात जातात. त्यांना आम्ही आशीर्वाद देऊन पाठवतो. माणसे बदलतात, पण बुधवार राहतो, आणि येणारी नवी मुलगी पहिल्याच आठवड्यात त्यात सामील होते.

आईकडून शिकणे

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने दाखवून दिले की गावातली साधी शिकलेली बाईसुद्धा बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखू शकते. ज्यांना अंक येत नव्हते त्या सुईणींसाठी त्यांनी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार केले. घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा ३९ गावांतला प्रयोग १९९९ साली लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे २०११ साली सरकारने आशाताईंमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. रुग्णालयातल्या आपण, ज्यांना घड्याळ आहे आणि पगार आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देतात, त्याला डम्मा म्हणतात. अशी बाळे आली की नव्या सिस्टरांना संताप येतो आणि त्या आईला ओरडतात. मी त्यांना विचारते, डम्मा कधी दिला? उत्तर बहुतेक वेळा असे येते: पोट फुगले, पोट उडायला लागले, बाळ धापा टाकायला लागले तेव्हा. म्हणजे त्या घरातल्या आजीने श्वासातला बदल नेमका पाहिला होता. लक्षण तिने ओळखले, उपाय चुकला. तिला ओरडलो तर पुढच्या वेळी ती बाळ आणणारच नाही. “पोट उडतंय हे तुम्ही बरोबर पाहिलं, आजी. पुढच्या वेळी पोट उडायला लागलं की डम्म्याआधी आमच्याकडे या,” असे सांगितले तर ती येते. आमच्या वॉर्डातून जाणाऱ्या प्रत्येक आईला घरी जाण्यापूर्वी आम्ही बाळाचे पोट दाखवतो: बरे असताना ते असे हलते, हे डोळ्यांत साठवून ठेव. भूमकांशीही आम्ही याच शब्दांत बोलतो. आता त्यांतले दोघे स्वतः बाळे पाठवतात.

प्रभूने सांगितलेल्या दृष्टान्तात याजकाने जखमी माणसाला पाहिले, लेव्यानेही पाहिले. शोमरोनी मात्र पाहून जवळ गेला. आमच्या कामात जवळ जाणे म्हणजे पुष्कळदा इतकेच असते: खाटेशी उभे राहून पूर्ण एक मिनिट पाहणे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या केंद्रातले मागच्या आठवड्याचे दहा केसपेपर काढा. श्वासाच्या रकान्यात किती ठिकाणी एकच आकडा आहे?
२. दोघींनी मिळून तीन बाळांचे श्वास मोजा. फरक किती आला, आणि का?
३. मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्यापूर्वीच्या तीन तपासण्या न पाहता सांगा. कॅल्शियम ग्लुकोनेट आत्ता कुठे ठेवले आहे?
४. रात्री डॉक्टरांना फोन करायला सर्वांत नव्या सिस्टरला काय अडवते? तिलाच बोलू द्या.
५. आपल्या भागातल्या आया बाळाच्या धापेला कोणता शब्द वापरतात? तो शब्द आपल्या नोंदवहीत लिहून ठेवा.

प्रार्थनेसाठी: पावसाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या आशाताई, रात्रपाळीच्या सिस्टर, आणि ज्या घरी पाळणा रिकामा झाला त्या माता यांची आठवण ठेवावी. ज्या वाचकांनी मागच्या अंकातले निवेदन वाचून सेकंदकाट्याची घड्याळे पाठवली त्यांचे मनापासून आभार. प्रत्येक वॉर्डात एक लागले आहे आणि ती सगळी रोज वापरात आहेत.